बावीस सह्या

१४ मार्च २०१६, सोमवार

शी! आज परत जिन्यात कुणीतरी गुटखा थुंकलंय. तेही 'स्वच्छता राखा' या पाटीखाली. पुसायला पाणी नाही, म्हणजे डाग आता पावसाळ्यापर्यंत तिथंच. आणि पावसाळ्याचा तरी काय भरवसा!

संस्थेच्या मागं नवी वसाहत उठतेय. दर प्लॉटवाल्याला स्वतःचं बोअर पाहिजे. सातशे फूट गेले तरी नुसता फुफाटा निघतोय. त्यांचं यंत्र सुरू झालं की इकडं माझा मायक्रोस्कोप थरथरतो. केसाच्या लाखाव्या भागाइतका उंचसखलपणा त्याच्या सुईला कळतो. सुई हलवते ती पीझोची नळी — दिसायला चिनीमातीची, वीज दिली की कणभर लांबते, काढली की आखडते. सगळी करामत त्या कणभरात. आणि शेजारी धडाम धडाम!

म्हणून अक्षदा साडेसहालाच येऊन बसते, बोअरवाले यायच्या आत. पाचोडकडची, धनगराची पोर. पीएच.डी.चं तिसरं वर्ष. काचेवर पीझोचाच पातळ थर चढवते. त्याचा सेन्सर करायचाय — ड्रोन हवेत किती वळला ते सांगणारा. थर सारखा कंपत राहतो, वस्तू वळली की कंप बाजूला झुकतो, त्यावरून कळतं. त्यासाठी थर पाचशे नॅनोमीटरचाच पाहिजे; जाडी मोजायची ती माझ्या मायक्रोस्कोपवर. तिचे हात स्वच्छ असतात, एवढं बरं. बाकीची पोरं समोसा खाऊन तशीच मशीनला हात लावतात.

१७ मार्च

सहा दिवसांनी नळाला पाणी आलं. समोरचे तात्यासाहेब पाइप लावून गाडी धूत होते. अख्ख्या पुंडलिकनगरात लाज म्हणून शिल्लक नाही.

२२ मार्च

अक्षदाचा थर पुन्हा पाचशे नव्वद. सलग नववी काच. वजनावरून हिशेब केला तर पाचशे येतात म्हणाली. दोन्ही कागद माझ्यापुढं ठेवले.

विश्वजित सर आले. आमचे विभागप्रमुख, तिचे गाइड. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, अत्तर मात्र माझ्या सात पिढ्यांनी लावलं नसेल एवढं. सगळ्यांदेखत म्हणाले, "दोन वर्षं झाली, तुला साधं कोटिंग जमत नाही. गावाकडं काहीतरी बघ आता." दात कोरत म्हणाले! किळस आली मला.

ते गेल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, रागवू नका. मशीनचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी केलं होतं?"

मी खेकसलो, "रजिस्टर बघ की!"

तिनं बघितलं. दर महिन्याची तारीख, 'ठीक', खाली माझी सही. रजिस्टर नीट जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "सॉरी सर."

२३ मार्च

झोप नाही. इथं तरी खरं लिहितो.

जून २०१४ मध्ये प्रमाण-पट्टी माझ्या हातून पडली. बोटाच्या नखाएवढी चकती, तिच्यावर बरोब्बर शंभर नॅनोमीटरच्या पायऱ्या. मशीन खरं सांगतंय का, ते तिच्यावर दर महिन्याला तपासायचं. दोन तुकडे झाले. नवी मागवायची तर कशी तुटली ते लिहून द्यावं लागलं असतं — आणि 'श्रीरंगरावांच्या हातून कधी काही पडत नाही' अशी माझी ख्याती! तुकडे ड्रॉवरमध्ये टाकले. त्या महिन्यात नुसती सही केली. मग पुढच्या. मग सवयच लागली. बावीस सह्या झाल्या.

पीझोची नळी वय झालं की मंदावते. तेवढ्याच विजेला कमी लांबते. हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो!

२८ मार्च, रंगपंचमी

लॅब रिकामी. बोअरही बंद. चौकात टँकर उभा करून रंग खेळत होते — लोक घागरी घेऊन रांगेत आणि हे टँकरच्या पाण्यात भिजतायत. ओकारी आली बघून.

पट्टीचा तुकडा सुईखाली ठेवला. तुकडासुद्धा चालतो. बावीस महिने चालला असता. शंभरची पायरी मशीननं एकशे अठरा दाखवली. पाच वेळा घेतलं. एकशे अठरा.

म्हणजे अक्षदाचे पाचशे नव्वद हे पाचशेच आहेत. तिचं काम पहिल्यापासून बिनचूक आहे.

आणि मृण्मयी. माझ्या मुलीनं २०१५ मध्ये याच मशीनवर पीएच.डी. केली. त्यातल्या थरांच्या मापांवर तिचे दोन निबंध छापून आले, त्यांवर बेंगळुरूची नोकरी लागली. मी तोंड उघडलं की तिचे आकडेही खोटे ठरणार. पोरीनं माझं काय वाकडं केलंय?

तुकडा परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

४ एप्रिल

अक्षदाची सलग अकरावी काच. पाचशे एक्याण्णव. मी पेपर वाचत बसलो. वाचलं काहीच नाही.

७ एप्रिल

तिचे वडील आले होते. भिकन. पटका, खांद्यावर घोंगडी. मेंढरं चाऱ्यासाठी सोयगावकडं नेली होती, त्या वाटेवरून एस.टी.नं आले. मला चहा नको म्हणाले, पाणी मात्र दोन तांबे प्याले.

"साहेब, पोरगी लई सुकली. इचारलं तर म्हणती, मशीन खोटं बोलत नाय. मग चूक हिचीच आसंल ना? तुम्ही जाणते. एकडाव सांगा, हिच्यात दम नाय आसं. म्या घिऊन जातो तिला. उगं पोरीचा जीव कशापायी जाळायचा?"

मी काय म्हणालो? म्हणालो, "बघू. कामात असं होतंच."

त्यांनी माझ्या पायाला हात लावला. वयानं ते माझ्याहून मोठेच असतील. घरी येऊन दोनदा आंघोळ करावीशी वाटली. बादली एकच होती.

१० एप्रिल, रविवार

अंबिका म्हणाली, "रंगपंचमीपासून बघतेय, जेवणावर चिडताय, शेजाऱ्यांवर चिडताय. झालंय काय नक्की?" तिला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिनं मला अरेतुरे केलं. "त्या पोरीला सांग आधी. मृण्मयीचं मग बघू."

उद्या सांगणार. ठरलं.

११ एप्रिल

सांगितलं. उशिरा.

अक्षदा शुक्रवारी, पाडव्याला, एकटीच येऊन बसली होती. दोन वर्षांच्या एक्केचाळीस काचा ॲसिडमध्ये घालून सगळे थर उतरवले. काचा धुऊन, कोरड्या करून, पुढच्या पोरांसाठी कपाटात रचून ठेवल्या. आज मला प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्यायला आली होती.

मी तुकडा दाखवला. एकशे अठराचा कागद दाखवला. तिनं वाकून नीट वाचला.

"म्हंजे माझं बरोबर होतं, सर?"

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"रंगपंचमीला."

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला माझी इतकी घाण कधी वाटली नव्हती.

१२ एप्रिल

सगळं लिहून विश्वजित सरांना दिलं. अक्षदाचं काम बरोबर आहे, दोष माझा, तिला मुदत वाढवून द्या. त्यांनी वाचलं, घडी घातली, माझ्या खिशात कोंबलं. "श्रीरंगराव, तीन पीएच.डी. झाल्यात या मशीनवर. एक तुमच्याच मुलीची. कशाला नाही ते उकरताय? ती पोरगी तशीही गेली गावाकडं." पाठीवर थोपटलं. अत्तराचा वास शर्टाला अजून येतोय. या माणसाची मला दोन वर्षं किळस येत होती, आणि चौदा दिवस मी नेमकं हेच मनात म्हणत होतो.

तोच कागद कुलगुरूंच्या नावानं रजिस्टर पोस्टानं टाकला. एक प्रत अक्षदाच्या गावी.

१३ एप्रिल

मृण्मयीला फोन केला. सगळं सांगितलं. तुझे आकडे माझ्यापायी खोटे ठरणार, माफ कर म्हणालो.

"माझे बरोबर आहेत, बाबा. मी सगळी मापं पुण्याला जाऊन परत घेतली होती."

"का?"



"तुम्ही न मोजता सही करता, ते मला तेव्हाच माहीत होतं."