एक नंबरची जर्सी

ता. ४ जून

बारक्या,

मोठ्याचे आशीर्वाद. चालत असतील तर घे, नाहीतर पाकिटातच राहू देत. इथे सगळे बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. तुझ्या वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता तिला घरातली सगळी धूळ दिसते आणि जीव माझा जातो.

पत्र लिहायचं कारण असं की विद्यापीठाच्या खेळांच्या संघांना शंभर वर्षं होतायत आणि त्याचं पुस्तक निघतंय. इतिहासाच्या एक बाई आहेत, त्यांच्या गळ्यात काम पडलंय. जिमखान्याच्या माळ्यावर दोन पेट्या भरून फोटो सापडले, मागे एकावरही नाव नाही. कुणीतरी सांगितलं, खेळाच्या साहित्याच्या खोलीवर सदतीस वर्षं होता तो म्हातारा अजून हिंडतोफिरतो. म्हणून मला बोलावलं. रोज दहाला जातो. फोटोवर बोट ठेवतो, बाई लिहून घेतात. त्यांना वाटतं माझी आठवण दांडगी. कसली डोंबलाची. मी तोंडं बघतच नाही, बूट बघतो. डावा बूट बाहेरच्या बाजूने झिजलेला दिसला की तो हॉकीतला तो भांडखोर. वर डोकं कुणाचं का असेना.

बऱ्याच गमती निघाल्या. पहिल्या संघाच्या जर्स्या वसतिगृहाच्या पातेल्यात रंगवल्या होत्या, रंग तीन तऱ्हेचे आले. त्यातला जो जास्त अंगांवर होता तोच विद्यापीठाचा रंग ठरला. आता भाषणात त्याला त्यागाचा रंग म्हणतात. पातेलं घासणाऱ्याला विचारा म्हणावं. मुलींच्या बास्केटबॉलचा नऊ वर्षांत एक फोटो नाही. फोटोवाला मंगळवारी यायचा आणि त्यांची प्रॅक्टिकलं मंगळवारी. तीनदा जिंकल्या पोरी. बाई फार चिडल्या. मी म्हटलं, चिडा, पण फोटो मी कुठून आणू?

काल आपलं वर्ष आलं. फुटबॉलचा कप. शंभर वर्षांत फुटबॉलला मिळालेला तेवढा एकच.

फोटो तुला ठाऊक आहे. आपल्याकडे फायनलचा फोटो सकाळीच काढून घ्यायचे, कारण सामना झाल्यावर कुणी जागेवर उभं राहत नाही. त्यामुळे फोटोत कप नाही, आणि एक नंबरची जर्सी घालून आपला गोलकीपर बोका उभा आहे, अंगठा शाबूत. दुपारी सरावात तोच अंगठा निखळला. तू गोलामागे बॉल आणून देत होतास. तुझं नाव त्या वर्षी यादीत नव्हतं, ऑफिसने तुझा प्रवेशाचा फॉर्म हरवला म्हणून. फुटबॉलच्या मास्तरांनी तुला दंडाला धरून आत ओढलं, माझी टोपी तुझ्या भुवयांपर्यंत खाली खेचली आणि म्हणाले, आजच्या दिवस तू बोका. शेवटची पेनल्टी तू अडवलीस. अजून दिसते मला. उजवीकडे गेलास आणि हात मागे राहिला होता तो कसा आणलास देव जाणे.

संध्याकाळी मी रजिस्टरात लिहिलं, जर्सी नंबर एक, बोका. जिमखान्यातली विजेत्यांची पाटी रंगवणाऱ्याला नावांची चिठ्ठी दिली तीही माझ्याच हातची. पाटी लागली त्या दिवशी तू खाली उभा राहून वाचलीस आणि म्हणालास, "दादा, तू तरी सांग."

मी म्हटलं, कप काढून घेतील, गप्प बस. तू एकेचाळीस वर्षं गप्प बसलास. आई गेली तेव्हासुद्धा माझ्याशी बोलला नाहीस, सगळं चुलतभावाच्या तोंडून.

तर आता ठरवलंय, बाईंना सांगायचं. पुस्तकात तुझं नाव आलं पाहिजे. तुझी हरकत नसेल तर एक ओळ लिही. हरकत असेल तरी लिही.

दादा


ता. १९ जून

बारक्या,

आशीर्वाद. तुझी ओळ आली नाही. पत्रही परत आलं नाही, म्हणजे पोचलं.

बाईंना सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवून सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, काही कागद आहे का?" मी म्हटलं, मी आहे की जिवंत. त्यांनी माझंच रजिस्टर उघडून पुढ्यात ठेवलं. माझंच अक्षर, माझीच सही. माझा साक्षीदार मीच आणि खोटाही मीच.

भल्या आहेत बाई. म्हणाल्या, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून मी लिहीन. पण मग पूर्ण लिहावं लागेल, की संघाने अपात्र खेळाडू उतरवला. म्हणजे नाव येईल, पण त्याच्यापुढे तो शब्द येईल. आणि कप राहील की जाईल ते त्यांच्या हातात नाही. मी विचारलं, तो शब्द गाळून नाही का लिहिता येणार? त्यांनी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. खरंखोटं तपासणं हाच जिचा धंदा, तिच्यासमोर मी असलं विचारावं. चहा न पिता उठलो.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. रविवारी त्या संघातले उरलेले चौघे घरी हजर. एक बँकेतला, एक काठी टेकणारा, एक कानात यंत्र घातलेला, आणि बोका. तुझ्या वहिनीने दोनदा चहा केला. बँकेतला म्हणाला, आमच्याकडे दाखवायला आयुष्यात तेवढंच आहे, कशाला उकरतोस. मला राग आला, पण त्याचं खोटं नव्हतं. कानवाल्याला ऐकू काहीच आलं नाही, तो आपला सगळ्यांना हो म्हणत होता.

मी बोक्याला म्हटलं, तू सांग बाबा, पेनल्टी कुणी अडवली? बारक्या, हा माणूस तीस वर्षं दातांचा डॉक्टर. लाजेल, मान खाली घालेल, असं मला वाटलं. तो सोफ्यावरून उठला आणि करून दाखवायला लागला. कसा तो उजवीकडे गेला, हात कसा मागे राहिला होता, मग कसा आणला. नातवंडांना दर सुट्टीत दाखवतो म्हणे. त्या भरात त्याने तुझ्या वहिनीची फुलदाणी पाडली. मी तोंडाकडे बघत बसलो. तो खोटं बोलत नव्हता रे. त्याला खरंच वाटतं, तोच होता. अंगठा निखळल्याचं विचारलं तर म्हणाला, तो दुसऱ्या वर्षी. चोराला धरता येतं, याला कुठे धरू?

जाताना काठीवाला माझा हात दाबून म्हणाला, आम्हाला सगळं माहीत आहे. मग बोल की, म्हटलं. काठी टेकत गेला.

आज तुझ्या मुलीचा फोन आला. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला काका म्हणाली. सांगत होती, पप्पा दोन्ही वेळा जेवायच्या आधी पत्र वाचतात आणि चष्म्याच्या घरात ठेवतात, बोलत काही नाहीत. काल एवढंच म्हणाले की पुस्तकाचं राहू दे. दादाला विचार, फॉर्म कुठे गेला होता.

मी तिला म्हटलं, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

दादा


ता. २ जुलै

बारक्या,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. तेरा दिवस लागले. मला पत्र लिहायला कधी तेरा दिवस लागत नाहीत.

फॉर्म ऑफिसने हरवला नाही. तो खिडकीपर्यंत गेलाच नाही. तू सगळा भरून माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, दादा, पालकाचा तेवढा भाग तुला समक्ष भरायचाय, भर आणि देऊन टाक. मी खोलीवर जाऊन बघितलं. नाव लिहिलं, धंदा लिहिला. खाली रकाना होता, पालकाचे शिक्षण.

मी नोकरीला लागलो तेव्हा कागदावर दहावी पास लिहिलं होतं. साहित्यवाल्याला दहावी लागायची. दाखला नंतर देतो म्हटलं आणि कुणी मागितला नाही. आपले अप्पा गेले तेव्हा मी सातवीत होतो, तुला कळत नव्हतं. तुला मी कायम दहावी सांगितली, तुझ्या वहिनीलाही. आणि खिडकीत बसायचा तो माझेच कागद ठेवणारा कारकून. सातवी लिहिलं तर तो पकडणार, नोकरी जाणार. दहावी लिहिलं तर पुन्हा खोटं, तेही तुझ्या फॉर्मवर, सहीनिशी. उद्या बघू म्हटलं. फॉर्म बॉलमध्ये हवा भरायच्या पंपाच्या डब्यात ठेवला, तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नसे. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या रेषा मारायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी उघडून बघितला आणि परत ठेवला. चौथ्या दिवशी मुदत संपली.

तुला सांगितलं, ऑफिसने हरवला. तू जाऊन त्या कारकुनाशी भांडलास. तो घसा कोरडा करून सांगत होता की फॉर्म आलाच नाही. तुला शिपायाने बाहेर काढलं. मी दारात उभा होतो, हातात चुन्याची बादली घेऊन. वर्ष बुडालं, मग तू शिकायचंच सोडलंस आणि कारखान्यात लेथवर गेलास. फायनलला नाव असतं तुझं, हक्काचं. टोपी लागली नसती. रजिस्टरात खोटं लिहायची वेळच आली नसती. मी कप वाचवायला गप्प बसलो असं तुला वाटत आलं. मी तसं वाटू दिलं. ते जरा बरं दिसत होतं.

तुझ्या वहिनीला काल सांगितलं. चष्मा पुसत म्हणाली, मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं, तुम्ही टक्केवारीची बातमी वाचताना अडला होता. इतकी वर्षं मी कुणापासून लपवत होतो कोण जाणे.

पुस्तक छापायला गेलं. बाईंना मी सांगितलं, जसं आहे तसं राहू द्या. तुझ्या नावापुढे तो शब्द मला बघवला नसता, आणि तो तर माझ्या नावापुढे पाहिजे. पान एकसष्ट. बोका उभा आहे, टोपी न घालता. मला एक प्रत फुकट मिळणार आहे आणि कार्यक्रमात शालही. नको म्हणावं तर कारण विचारतील.

निवृत्तीच्या दिवशी पंपाचा डबा घरी आणला होता. फॉर्म सोबत पाठवतो. घडीवर फाटलाय, तुझं अक्षर तेवढं झकास आहे. राहिलेला रकाना परवा भरला आणि सही केली. घेऊन विद्यापीठात गेलो होतो, का ते विचारू नकोस. तो कारकून कधीच गेला. खिडकीच्या जागी आता थंड पाण्याचं यंत्र आहे, पोरं बाटल्या भरत होती. मी रांगेत थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

द्यायला आता कुणी नाही. तूच ठेव.

तुझा पालक,
दादा
शिक्षण सातवी