सेबुन्यासाठी दुसरा जामीनदार

कंपाला, ३ मे २०११

ती. कग्ग्वादादास, धाकट्या नाक्यांझीचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या भावाला, सेबुन्याला, तुरुंगात चाळीस दिवस झाले. शाळांच्या छपरांसाठी आलेले पत्रे त्याच्या ताब्यातल्या सरकारी गोदामातून गेले, म्हणून भ्रष्टाचाराच्या कोर्टात खटला आहे. कुठे गेले विचारलं, तर भिंतीकडे बघत बसतो मेला. खोकला लागलाय, अंगावर मांस म्हणून नाही.

वकीलबाई म्हणतात, जामिनाला दोन माणसं हवीत. वयाने मोठी, नात्यातली, स्वतःच्या घरात राहणारी. शिवाय ओळखपत्र आणि गावच्या अध्यक्षाची शिक्क्याची चिठ्ठी. एक माझा नवरा, दुसरा तू. तारीख एकोणीस. गुडघ्याची सबब सांगू नकोस!

आईला सांग, तो फिरतीवर आहे. तुझा लोभ यावेळी कामाला येऊ दे.

नाक्यांझी


मसाका, ८ मे

चि. नाक्यांझीस अनेक आशीर्वाद.

गुडघा खरंच धरलाय, त्यात कॉफीची तोडणी. अध्यक्ष चिठ्ठीसाठी चहापाणी मागेल. भ्रष्टाचाराच्या खटल्याला लाच देऊन जाऊ का मी? मामांना विचार. आई मजेत आहे, केळ्यांचं मटोके दोनदा मागून घेते.

मला त्या कोर्टात उभं करू नकोस. सगळंच पत्रात लिहिता येत नाही. राग धरू नये.

दादा


कंपाला, १४ मे

दादास,

मामांकडे ओळखपत्रच नाही. काल तू मळ्यात असताना मी गावी येऊन गेले. अध्यक्षाने एक शिलिंग घेतला नाही. उलट दोन पानं चिठ्ठी लिहून दिली. न वाचताच वकीलबाईंकडे नेऊन दिली.

घरावरचं नवंकोरं निळं छप्परही पाहिलं. छपराला पैसे आहेत आणि भावाला एक दिवस नाही? भित्रा आहेस तू दादा. गुरुवारी आला नाहीस तर मला बहीण म्हणू नकोस.

नाक्यांझी


तुरुंग, कंपाला, २ जून

चि. नाक्यांझीस आशीर्वाद.

कोर्टात काय झालं ते तू पाहिलंस. अध्यक्षाने गावाची शान राखायला लिहिलं होतं, घर भक्कम, यंदाच साठ निळे पत्रे घातलेत. सरकारी वकिलाने घर तपासायला मुदत मागितली. पोलीस शिडी लावून चढले. पत्र्यांच्या आतल्या बाजूला शाळाखात्याचे शिक्के होते, आणि मलाही धरून इथे आणलं.

पाऊस आईच्या अंथरुणावर गळायचा, म्हणून सेबुन्याने ते पाठवले. शिक्के मी पाहिले होते गं, आणि तरी ठोकले. तो भिंतीकडे बघायचा तो मला वाचवायला. भित्रा म्हणालीस, कबूल. पण मी भित्रा होतो तोवर आई कोरड्यात झोपत होती. पत्रे पुराव्यात गेले. ती ताडपत्रीखाली एकटी आहे.

वकीलबाई म्हणाल्या, तुझा नवरा आणि त्याचा भाऊ, एवढेच दोघे तयार आहेत, आणि कोर्ट त्यांना आम्हा दोघांपैकी एकालाच जामीन राहू देईल. सेबुन्या रात्रभर खोकतो. आईपाशी राहून पुन्हा छप्पर घालायला गावी कोणीतरी हवं. आमच्यातल्या कुणाला सोडवायचं ते तू ठरव. आईला मात्र विचारू नकोस.

लोभ उरला असेल तर राहू दे.

दादा