सिवर्डच्या कुरणाचं दानपत्र

प्रिय उल्फ,

तुझं पत्र पोचलं. मिठाच्या गाडीवानाने ते दाराशी माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तुमच्या गावचे पाद्रीबाबा फार तापलेत बरं का!" तापलास ते योग्यच. "तुमच्या त्या पेटाऱ्यात देव ठेवलाय की नुसती कुलपं?" असं तू विचारलंस. या कॅथेड्रलच्या मठातल्या दानपत्रांचा पेटारा सोळा वर्षं माझ्याकडे आहे. तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं.

आधी ऑर्मचं सांगतो. सिवर्डकाकांनी आपल्या या मुलाला पाठुंगळीला घेऊन इथे आणलं, तेव्हा तू आणि मी म्हाताऱ्या फादरांच्या ओसरीवर मेणाच्या पाटीवर अक्षरं गिरवत होतो. कमरेखालचं अंग लुळं पडलेला तो माणूस छत्तीस वर्षं आमच्या रुग्णघरात राहिला आणि तिथला सगळ्यांत आनंदी माणूस होता. त्याच्या खर्चासाठी काकांनी नदीकाठचं कुरण मठाला दिलं. मी भाकरी घेऊन गेलो की ऑर्म म्हणायचा, "काय रे विमंड, मी मेल्यावर माझं कुरण कोण चरणार? तू, की कोठारवाल्या ड्रोगोचा घोडा?" मी हसायचो. त्या थट्टेत काही विचारण्यासारखं आहे, हे मला कधी सुचलंच नाही. उपवासाच्या दिवसांत तो गेला. शेवटपर्यंत शुद्धीत होता आणि प्रार्थनेत माझ्या चुका काढत होता.

ईस्टर झाल्यावर त्याची पुतणी गुनिल्ड आली. ती चिखलाच्या पायांनी थेट आमचं कोठार सांभाळणाऱ्या ड्रोगोसमोर उभी राहिली. "काका गेला. आता कुरण परत द्या," एवढंच म्हणाली. ड्रोगोने माझ्याकडून दानपत्र मागवून घेतलं आणि वाचलं: देवाला आणि या मठाला, कायमचं. गुनिल्ड म्हणाली, "माझ्या आजोबांना लिहिता येत नव्हतं, पण बोलता येत होतं. कायमचं असं तर ते आजीलासुद्धा कधी बोलले नाहीत!" ड्रोगो म्हणाला, "बाई, चामड्यावर लिहिलंय." "मग त्या चामड्यालाच जुंपा नांगराला," असं म्हणून ती निघून गेली. त्या कुरणाच्या गवताशिवाय तिचे बैल हिवाळा काढणार नाहीत, आणि बैल गेले की जमीनही गेली, हे तू मला लिहायची गरज नव्हती. मीही त्याच गावचा आहे.

त्या दिवसापासून मी शोधाला लागलो. आपल्या लहानपणापर्यंत दान देणारा काही लिहून देत नसे. तो वेदीवर आपला चाकू ठेवायचा, साक्षीदार बघायचे, झालं. असे चाळीस-पन्नास चाकू वेदीमागच्या खोलीत, जुन्या झग्यांच्या खाली, एका खोक्यात गंजत पडलेत. इतकी वर्षं मी ते खोकं दानपत्रांत कधी धरलंच नव्हतं. माझ्या मते ते लोखंड होतं. रोज दुपारच्या प्रार्थनेनंतर मी तेलाचं फडकं घेऊन बसायचो. तिसऱ्या आठवड्यात हाडाच्या मुठीचा एक चाकू निघाला. मुठीला चामड्याची बोटभर पट्टी बांधलेली होती. पट्टीवर तेव्हाच्या कुणा मठवासीयाने लिहिलं होतं: सिवर्डचं नदीकाठचं कुरण, ऑर्म जगेल तोवर.

तो चाकू मी आमच्या मठप्रमुखांकडे, प्रायर सॅवरिककडे नेला. ड्रोगोही तिथेच होता. "गंजका चाकू!" तो म्हणाला. "न्यायसभेत हसतील लोक. आपल्याकडे शिक्क्याचं दानपत्र आहे." प्रायरनी चाकू हातात घेऊन पट्टी वाचली. मग मला म्हणाले, "विमंड, दानपत्र आपल्या बाजूचं, चाकू तिच्या बाजूचा. दानपत्र चुकलंय हे न्यायसभेला कोण सांगणार?" मी म्हणालो, "मी सांगेन." ते म्हणाले, "कुठल्या नात्याने?" ते मी त्यांना सांगितलं. ड्रोगो खाली बसला.

आता तुलाही सांगतो. ते दानपत्र मी लिहिलंय. बारा वर्षांपूर्वी राजाची माणसं प्रत्येक जमिनीचा लेखी पुरावा मागत फिरत होती. ज्या दानांचं काही लिहिलेलं नव्हतं, त्यांची पत्रं आम्ही मागाहून तयार केली आणि शिक्केही लावले. दान तर खरंच झालंय, मग लिहिण्यात पाप कसलं, असं आम्ही म्हणायचो. मी वीस पत्रं लिहिली. प्रत्येकात 'कायमचं' लिहिलं, कारण तसंच लिहायची रीत आहे. सिवर्डकाकांना कुणी विचारलं नाही. ते तेव्हा जिवंत होते, उल्फ. जूनअखेरच्या संत जॉनच्या सणाआधीच्या सोमवारी न्यायसभा आहे. प्रायरनी चाकू माझ्या हवाली केला आहे. मी तिथे उभा राहून हे असंच सांगणार आहे, आणि माझं अक्षर माझं नाही असं तिथे कुणी म्हणू शकणार नाही. पेटारा माझ्याकडे राहणार नाही, शिक्षाही होईल. ती मी मनापासून भोगीन. उरलेल्या एकोणीस पत्रांसाठीही ते खोकं आता उघडं आहे. पण गुनिल्डने निकालाची वाट बघत बसू नये. सणानंतर सगळीकडे गवतकापणी सुरू होते, मग गावात एकही कोयतेवाला मोकळा सापडत नाही. म्हणून येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, माझ्या नावासकट, आणि तिला सांग: गवत कापायला माणसं आजच ठरव.

तुझाच,
विमंड