वाटून टाकलेल्या धावा

१९ ऑगस्ट १९८३
घेतलं! उद्यापासूनच्या तीन दिवसांच्या सामन्यात मी आहे. फिल्पॉटचं बोट मोडलं म्हणून — पण आहे! यंदाचा पहिलाच. सगळा उन्हाळा राखीव संघात गेला, नाहीतर बारावा म्हणून सरबताचे पेले पोचवण्यात. कौंटीत पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं ते समिती लवकरच ठरवणार. एकतीस वर्षांच्या ऑफस्पिनरने काहीतरी दाखवायलाच हवं. मॉरीन, माझी बायको, म्हणाली, "झोप आता. येरझाऱ्या घालून विकेटी मिळत नाहीत."

२० ऑगस्ट
एकही ओव्हर नाही. एकही! दिवसभर त्यांची बॅटिंग आणि मी सीमारेषेवर. कॅप्टन रॉडनीला दिसावं म्हणून हात फिरवत राहिलो. ढुंकून बघेल तर शपथ.

२२ ऑगस्ट
काल रविवारची सुट्टी, आज पाऊस. ड्रेसिंगरूममध्ये पत्ते. क्लाइव्हने दोनदा झापलं — "अरे, हुकूम कुठला ते तरी बघ!" क्लाइव्ह आमचा विकेटकीपर, इथला माझा एकमेव जवळचा माणूस. नंतर रॉडनीने त्याला जिन्याखाली बोलावलं. तिथे त्यांचा कॅप्टनही होता. काहीतरी शिजतंय!

२३ ऑगस्ट
शिजलं ते माझ्याच पानात पडलं. दिवस पावसात गेला की असं करतातच — आम्ही आपला डाव सोडायचा, त्यांना झटपट धावा वाटायच्या, मग त्यांनी डाव सोडायचा आणि आम्ही पाठलाग करायचा. निकाल तरी लागतो. पण धावा वाटणारा कुणीतरी लागतो ना! रॉडनीने चेंडू माझ्या हातात ठेवला. "लॉलीपॉप टाक. मनाला लावून घेऊ नकोस, समितीला कळतं हे सगळं. पुढच्या सामन्यात तू आहेसच."

टाकले. फुलटॉसवर फुलटॉस, षटकारावर षटकार. प्रेक्षकांतून एकजण ओरडला, "माझी आजी पण याहून बरं टाकते रे!" सगळे हसले. मीही हसलो. लाज वाटत होती, दुसरं काय.

आणि मग एक चेंडू — विसरलोच! मनाला सगळं पटवलं होतं, बोटांना सांगायचं राहून गेलं. चेंडू हवेत थोडा रेंगाळला, खाली पडला आणि असा वळला! फलंदाज पार पुढे, बॅट भलतीकडेच. गेल्या कित्येक वर्षांत असा पडला नव्हता माझ्या हातून. क्लाइव्हच्या ग्लोव्हजमध्ये आला — आणि त्याने बेल्स उडवल्याच नाहीत! चेंडू धरून उभा राहिला. फलंदाज निवांत चालत मागे गेला. ओव्हर संपल्यावर क्लाइव्ह पुटपुटला, "तसं ठरलंय ना, बाबा." माझ्याकडे बघितलं नाही.

धावांची शंभरी, विकेट शून्य. पण आम्ही जिंकलो! रॉडनीने बिअर पाजली, पाठ थोपटली. पुढच्या सामन्यात नक्की म्हणाला. दोनदा म्हणाला.

२४ ऑगस्ट
डोक्यातून तो चेंडू जात नाही. जेवताना संत्रं फिरवत बसलो. मॉरीन — "ते खायचं असतं."

२६ ऑगस्ट
ड्रेसिंगरूमच्या दारावर पुढच्या सामन्याची अकरा नावं लागली. त्यात मी नाही. रॉडनीला गाठलं. "खेळपट्टी हिरवी आहे रे, स्पिनरचं काय काम!" जाऊन बघितली. गवताची काडी नाही! फिरकीवाल्याला सोन्यासारखी. तिथेच उभा राहिलो, मग बॅग उचलून घरी आलो. मॉरीनवर उगाचच ओरडलो.

२ सप्टेंबर
समितीने बोलावलं. अध्यक्ष खिडकीबाहेर बघत बोलले. "तुमच्या सेवेबद्दल आभार." बस्स! चहासुद्धा विचारला नाही.

३ सप्टेंबर
क्लाइव्ह आला. आत ये म्हटलं तर येईना. दारातच सांगितलं — निर्णय त्या सामन्याच्या आधीच झाला होता. जिन्याखाली रॉडनी म्हणाला होता, "त्याच्याकडूनच टाकून घेऊ, तसाही तो जातोय." म्हणजे चेंडू धरून उभा होतास तेव्हा तुला माहीत होतं? त्याने मान डोलावली.

सांगायचंस ना रे! सगळे खरे टाकले असते. एकूण एक.