खिचडीच्या खोलीतला वर्ग

आई, तू जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुझ्याबद्दल शेकडो लोकांशी बोलले, तुझ्याशी मात्र आज पहिल्यांदाच बोलतेय. शाळेत तुला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, अशी तुझी ताकीद होती. पहिलीत असताना मी एकदा विसरले, तर तू फळ्याकडे तोंड करूनच म्हणालीस, "इथे कोणाची आई नाही." मला ते तेव्हा लागलं आणि अजून सुटलेलं नाही. मी मनात धरून ठेवणारी आहे, हे तुला ठाऊक होतंच. धाकटीला हा नियम कधी कळलाच नाही. ती तुला शाळेत आई म्हणायची, घरी बाई म्हणायची, आणि तिला तू एकदाही दटावलं नाहीस.

मी आता माणिकपूरच्या एका शाळेत विशेष शिक्षिका आहे. जी मुलं वर्गात टिकत नाहीत, मध्येच उठून पळतात, कान झाकून घेतात, बाकाखाली जाऊन बसतात, त्यांना धड्यापाशी टिकवून ठेवायचं, हे माझं काम. त्यात माझं नाव आहे. माझ्या टेबलावर प्रत्येक मुलासाठी दोन वाट्या असतात, एकीत दहा बटणं. एक अक्षर वाचलं की एक बटण दुसऱ्या वाटीत. दहा झाली की मुलाने उठायचं, दाराच्या चौकटीला हात लावायचा आणि परत येऊन बसायचं. बघायला येणारे माना डोलावतात आणि विचारतात, हे तुम्हाला सुचलं कसं. मी म्हणते, अनुभवातून. आपल्या गावच्या दोनखोली शाळेत, पहिली ते चौथी एकत्र सांभाळताना, तू धाकटीपुढे दहा वाल मांडायचीस आणि नेमकं हेच करायचीस, हे मी सांगत नाही. ती तीन मिनिटंसुद्धा एका जागी बसत नव्हती. हात भरलेले असले की बसते, हे तुला घरामागच्या फुलांच्या वाडीत कळलं, तिला फुलं ओवायला घेतल्यावर. मग तू वाल आणलेस. पावसाळा सरता सरता ती एका बैठकीत वीसपर्यंत मोजायला लागली होती, आणि 'आई' हा शब्द कुठेही दिसला की त्यावर बोट ठेवायची. माझ्यापुढे तू कधी काही मांडलं नाहीस. माझं सगळं मला आपोआप यायचं ना.

तुझी युक्ती मी माझ्या नावावर खपवली, आणि तुझ्या नावावर दुसरं काहीतरी ठेवलं. शिक्षकांची प्रशिक्षणं असतात, वसईत, विरारला, कधी पालघरला. तिथे मी एक गोष्ट सांगते. एक शिक्षिका होत्या. त्यांच्या वर्गात त्यांचीच एक मतिमंद मुलगी होती. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला दारात आले म्हणून बाईंनी तिला खिचडीच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी वर्गात आली नाही. रोज सरळ त्या खोलीत जाऊन बसायला लागली. तिला वाटलं, तिचा वर्ग बदलला. एवढं सांगून मी थांबते. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसतात. नंतर चहाच्या वेळी कोणीतरी येऊन म्हणतं, "मॅडम, काय बाई असेल हो ती." मी म्हणते, "होत्या अशा."

तो दिवस मला आजही लख्ख दिसतो. शाळेत तेव्हा खिचडी नुकतीच शिजायला लागली होती आणि मागच्या पडवीला पत्रे ठोकून तिची खोली केली होती. तू सकाळपासून दोनदा फळा पुसतेस. तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरी राहायला सांगायचं, ही काही तुझी एकटीची रीत नव्हती, सगळ्याच शाळांत ती होती आणि आजही आहे. बाकीच्या तिघांना तू आदल्या दिवशीच सांगितलंस. धाकटीला घरी कोणाजवळ ठेवणार? साहेबांची जीप वडापाशी वळते आणि तू मला जवळ बोलावतेस. "हिला जरा मावशींजवळ नेऊन बसव. थोडाच वेळ. साहेब गेले की मी येतेच." तू एवढंच म्हणालीस. कडीचं तू काही बोलली नव्हतीस.

साहेब गेल्यावर तू धावतच मागे गेलीस. धाकटी पोत्यावर बसून सुपातले तांदूळ निवडत होती. खाडीकडच्या गावातून खिचडी शिजवायला येणारी मावशी विहिरीवरून येऊन दारात उभी होती, तुझ्यावर चिडलेली. "बाई, मी पानी आनायला गेलते तर कडी घातली कोनी पोरीला? ती कोनाला तरास देते का?" तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. तू काही विचारलं नाहीस. बहुतेक तुला वाटलं, दहा वर्षांची पोर, घाबरून घातली असेल.

दुसऱ्या दिवशी ती वर्गासमोरून तशीच पुढे गेली. तू वाल दाखवलेस, ओढून आणलंस, तिने खोलीची चौकट दोन्ही हातांनी धरली. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी तू तिच्या बोटांवर पट्टी मारलीस, चौकट सुटेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा तू तिला मारलंस, आणि मला बरं वाटलं. हे मी फिरवून लिहिणार नाही. मला बरं वाटलं. बोटं सुजली आणि तरी ती पुन्हा तिथेच जाऊन बसली. ज्या मुलीला एक अक्षर गिरवायला महिना लागायचा, तिला ही एक गोष्ट एकदाच सांगून जन्मभरासाठी पक्की झाली.

तू घरी, चुलीपुढे खोबरं खवता खवता मध्येच थांबायचीस. "मी असं काय बोलले गं तिला?" त्या वर्षी विचारायचीस, पुढच्या वर्षीही विचारायचीस. मी पुस्तकातून मान वर काढायची नाही. हळूहळू तू वर्गातही मोठ्याने बोलेनाशी झालीस. बदली आली तेव्हा आनंदाने गेलीस, ती शाळा डोळ्यांसमोर नको म्हणून. आणि शेवटच्या दिवसांत, इस्पितळात, माझा हात धरून म्हणालीस, "माझ्या हातून तेवढंच चुकलं. तिचं शिक्षण मी बुडवलं." मी तेव्हा बावीस वर्षांची होते, विशेष शिक्षणाच्या कोर्सला नुकताच प्रवेश घेतला होता आणि मला फार अक्कल आली होती. मी म्हटलं, "हो आई, चुकलंच तुझं." तू मान हलवलीस. त्यानंतर तू चार दिवस होतीस. चार दिवसांत मला तोंड उघडता आलं असतं.

आता हे का उकरतेय, तर गेल्या आठवड्यात नालासोपाऱ्याची एक नवीन शिक्षिका प्रशिक्षणाला होती. तिने डोळे वगैरे पुसले नाहीत. गोष्ट संपल्यावर हात वर करून विचारलं, "पण मॅडम, साहेब दारात आले होते म्हणालात. मग बाईंना तिला मागे नेऊन कडी लावायला टाइम कधी मिळाला? तिला तिकडे नेलं कोणी?" मी म्हटलं, "बाईंनीच." ती म्हणाली, "आणि तिला वर्ग बदलला असं का वाटलं पण? आमच्याकडची मुलं असं आपल्या मनाने नाही ठरवत. कोणीतरी सांगितल्याशिवाय नाही." मी घड्याळ बघितलं आणि पुढचा विषय घेतला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तू माझ्याकडून दहा वेळा लिहून घेतलं होतंस, आठवतं?

त्या पोरीने बरोबर बोट ठेवलं. मी धाकटीला मागे घेऊन गेले तेव्हा ती रडत होती आणि तिच्या हातात वाल होते. साहेबांपुढे एकोणतीसचा पाढा मी म्हणणार होते, आठवडाभर पाठ केला होता, आणि ही माझा फ्रॉक सोडत नव्हती. वर्गातली पोरं मला येडीची बहीण म्हणायची. वर्षभर तू तिच्यापुढे वाल मांडताना मी बघत होते. मी तिचे वाल काढून घेतले, तिला पोत्यावर बसवलं, पुढ्यात सूप ठेवलं आणि अगदी तुझ्यासारख्या आवाजात म्हटलं, "हा तुझा नवीन वर्ग. तिकडच्या वर्गात आता तू नाहीस. तिकडे आलीस तर आई मरेल." मग कडी घातली आणि पाढा म्हणायला गेले. न चुकता म्हटला. साहेबांनी पाठ थोपटली. घाबरून वगैरे काही नाही, आई. मला तिला तिथून कायमची घालवायची होती, आणि ते मला जमलं.

म्हणूनच तिने चौकट सोडली नाही. तू पट्टी मारत होतीस आणि ती तुला वाचवत होती. आणि तू गेलीस त्या सकाळी माणसं जमली, तर ती गर्दी बघून आधी सूप घेऊन स्वयंपाकघरात गेली. सगळ्यांना वाटलं, हिला काय कळतंय.

वाडी आता नाही, तिथे इमारत झाली आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघी राहतो. दाराची बेल वाजली की ती अजून सूप उचलते, स्वयंपाकघरात जाते आणि आतून दार लावते. आलेले लोक म्हणतात, किती गुणी आहे. पाहुणे गेल्याची चाहूल लागली की ती आतून विचारते, "शाळा सुटली?" मी "सुटली" म्हटलं की बाहेर येते. 'बेल वाजली तरी बाहेर बस' असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही. दुसऱ्यांच्या मुलांना मी चौकटीला हात लावून परत यायला शिकवते, पगार घेऊन.

हे पत्र मी फाडणार आहे. घरात ठेवलं तर तिला सापडेल, आणि पहिल्याच शब्दावर ती बोट ठेवेल, तो एक शब्द तिला अजून वाचता येतो. दुपारी गॅसवाला आला होता, त्याला जाऊन तास होऊन गेला. आतून दोनदा "सुटली?" विचारून झालं. मी अजून "सुटली" म्हटलेलं नाही.