माझ्या नावाचा दगड

९ ऑक्टोबर, मोरबी

टीव्हीवर माझं नाव आलं. नागसेन अंभोरे — शहीद. फोटो दादाचा.

कारखान्यात जेवणाची सुट्टी होती. सागर ताट हातात धरून उभाच राहिला. तो गावचाच, माझ्यासोबत टाइल्सच्या भट्टीवर आहे. बाकीचे म्हणाले, अरे प्रेमानंद, हा तुझा भाऊ ना? हो म्हटलं. इथं मी प्रेमानंद. दहा वर्षं झाली, दादाचं नाव मी वापरतो अन् माझं त्यानं नेलं.

आज एवढंच. बस.

१० ऑक्टोबर, गाडीत

लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

२०१४ साल. भरतीचं वय एकवीसपर्यंत, दादा बावीसचा. एका वर्षानं हुकला. मी अठराचा, दहावी कशीबशी पास. दादा म्हणाला, "नागसेन, तुहा शाळेचा दाखला दे न बे मले. तू तसाबी कुठं भरतीले जाऊन राह्यला?"

"काऊन? मी नाही जाऊ शकत का?"

"मंग पळून दाखव."

हिवरा आश्रमच्या रस्त्यावर पळालो. सोळाशे मीटर. दादा पाच मिनिटांच्या आत. मी चिंचेखाली बसून ओकत होतो! दिला दाखला. दाखला गेला तशी अकरावीही गेली. मग सुरत, वापी, आता मोरबी. पाय कुठं ठरतच नाहीत.

"पंधरा वर्षं, बे. पेन्शन लागली की तुह्यं नाव धुऊन, इस्त्री करून वापस देतो." असं म्हणून हसला होता. पाच वर्षं राहिली होती.

१२ ऑक्टोबर, गाव

साखरखेर्ड्यापासून गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं. फौजेची गाडी यायच्या आधी उकंडराव आबा, आमच्या वस्तीतले सगळ्यात म्हातारे, काठी टेकत घरोघरी फिरून आले. "आज कोणी प्रेमा म्हणायचं नाही. धम्मशीलेच्या अन् तिच्या लेकराच्या तोंडचा घास हाय."

धम्मशीला वहिनी, अन् सात वर्षांची मयुरी. दादाच्या मागं एवढंच.

गावाला सगळं माहीत आहे. ज्यांनी दादाला प्रेमा म्हणून खांद्यावर खेळवलं तेच ओरडले — शहीद नागसेन अमर रहे! मीपण ओरडलो. काय करू? सागर कानात म्हणाला, "सोताच्याच मयतीले आला बे तू!" मला हसू फुटलं. दादाच्या पेटीसमोर हसलो मी! मग रडूच थांबेना.

माय पेटीवर पडली. "प्रेमा रे! माह्या प्रेमा!" फौजेच्या साहेबानं माझ्या पाठीवर हात ठेवला — जा बेटा, आई तुला बोलावतेय. गेलो. मायनं मला दोन्ही हातांनी लोटलं.

"तू नाही बे! तू नाही!"

साहेबाला वाटलं, दुःखानं करते.

१९ ऑक्टोबर

विहारात दादाचं पुण्यानुमोदन झालं, तेही नागसेनच्या नावानं. माय त्रिशरण म्हणाली नाही. ओठ मिटून बसली होती.

२६ जानेवारी, मोरबी

शौर्य चक्र. मरणोत्तर. माझ्या नावानं.

सागरनं पेढे आणले. माझा कागदातच ठेवला. गावी फोन लावला. वहिनी हळू आवाजात बोलत होती. "भाऊजी, मायबाई ऐकून नाही राह्यल्या. विहाराम्होरं स्मारक होऊन राह्यलं. दगडावर प्रेमानंदच पाहिजे म्हणतात. नाहीतर म्हणे, स्टेजवर सगळ्याइसमोर सांगतो खरं काय ते."

मायनं तोंड उघडलं की चौकशी. पेन्शन थांबेल. चक्र राहील की नाही कोण जाणे. दादा लबाड ठरेल, मीही ठरेन.

खरं लिहू? मला वाटलं, सांगू दे मायला. होऊ दे काय व्हायचं ते. दगडावर कोरलं की माझं नाव गेलं ते गेलंच. फौजेतून माणूस रिटायर होतो, दगडातून कोण होतं?

लाज वाटते. पण खोडत नाही.

२ मार्च, गाव

आलो. मायला समजावायला आलो की तिच्या बाजूनं उभा राहायला, मलाच माहीत नाही.

"माय, दाखल्यावर काय हाय ते पाह्य ना."

"नऊ महिने पोटात कोणाले वाढवलं मी? दाखल्याले? जगला तुह्या नावावर. मरण तरी त्याच्या नावावर लिवा!"

"अन् वहिनीचं?"

"मी जाईन निंदायले. पोसीन दोघीले."

पासष्ट वर्षांची आहे. गुडघे धरल्याशिवाय उठता येत नाही. वहिनी चुलीपुढं बसलेली, पाठ आमच्याकडं. तव्यावरची भाकर जळली.

५ मार्च

दादाच्या पलटणीतला हवालदार आला. साताऱ्याकडचा. दादाच्या सामानाची काळी पेटी घेऊन आला. जय भीम म्हणाला, मायच्या पाया पडला. मग जमिनीवरच बसला.

म्हणाला, काश्मिरात एका नाल्यात आमची तुकडी अडकली. "नागसेननं दोघांना ओढून आणलं, आई. पोटात गोळी लागली होती. तरी तिसऱ्यासाठी परत गेला. तो पोरगा आज चालतोय."

"हेलिकॉप्टरला पाऊण तास लागला. शुद्ध जात-येत होती. पण एक सांगतो, असा माणूस पाहिला नाही मी. शेवटपर्यंत स्वतःलाच हाक मारत होता. नागसेन, सांभाळ रे. नागसेन, सांभाळ. स्वतःच स्वतःला धीर देत होता!"

वहिनीच्या हातून चहा सांडला. माय माझ्याकडं पाहत होती. मी खाली पाहत होतो.

दहा वर्षं फोनवर मला प्रेमा म्हणायचा तो — बाजूला कोणी ऐकेल म्हणून. एकदाही चुकला नाही. त्या नाल्यात चुकला.

हवालदार गेला. कोणी जेवलं नाही.

६ मार्च

माय दिवसभर विहारासमोर, त्या कोऱ्या दगडाजवळ बसली. बोलावलं तर आली नाही.

८ मार्च

कार्यक्रम झाला. मोठमोठे साहेब होते. मायच्या हातात माईक दिला तेव्हा वहिनीनं मयुरीला पोटाशी ओढलं. उकंडराव आबांनी डोळे मिटले. मायनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"माहा नागसेन गेला," म्हणाली.

माईक ठेवला. पायऱ्या उतरता येईनात, म्हणून मी पुढं झालो. तिनं माझा दंड धरला.

"धीरानं, प्रेमा," म्हणाली मला. "धीरानं चाल."