खांब सरळ आहे

अगं,

मी कामावर निघालोय. तुझ्या कॉलेजातला तो इंजिनियर दुपारी येईल. भिंत काढली तिथला सगळा भार आता त्याने बसवून घेतलेल्या नव्या लोखंडी खांबावर येणार आहे, म्हणून तळाचे बोल्ट त्याने तपासल्याशिवाय टेकू कुणाला काढू देऊ नकोस. हेच मी समजावत होतो तेव्हा तू जांभया देत होतीस. त्याने सांगितलं तेव्हा मात्र गालावर हात ठेवून ऐकलंस. चहा दे त्याला, पण माझ्या कपात नको.

सकाळी तू झोपेत असताना मी खांबाला चारही बाजूंनी ओळंबा लावून पाहिला. अगदी सरळ आहे. थोडा तरी कललेला निघेल, अशी फार आशा होती मला.